मामा तलावांच्या मुलखात

साकोलीहून रायपूरच्या रस्त्याने पूर्वेकडे निघून कोहमाऱ्याला उजवीकडे वळले, की नवेगाव बांधची वाट लागते. जायचे तर पावसाळा सरता सरता जावे. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या भरलेल्या असतात, मध्येच जंगलाचा पट्टा येतो आणि झाडांच्या फटीतून पाणी चमकते. थोडे पुढे गेले की पुन्हा पाणी. देशावरचा माणूस विचारतो, ही नदी कोणती? नदी नव्हे, तलाव. एक संपला की दुसरा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. सरकारी दप्तरात त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. त्यातले दोन ‘मा’ उचलून लोकांनी ‘मामा तलाव’ केले. भाच्यांना पोसणारा तो मामा, तेव्हा नाव काही वाईट नाही.

हे तलाव बांधले ते मुख्यतः कोहळी समाजाने, गोंड राजांच्या अमदानीत आणि त्यानंतरही. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा राजाचा कौल होता असे सांगतात. कोहळी ऊस आणि धान पिकवण्यात तरबेज, आणि पाण्याची चाल ओळखण्यात त्याहून. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात या तलावाचा विस्तार पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिला आहे. कोलू पाटलाचा पुढे ‘कोलासुर’ देव झाला आणि तलावाभोवतीच्या एका डोंगरावर त्याचे ठाणे झाले. बाकीची सात शिखरे म्हणजे सात बहिणी. दिवसभराचे मजूर घरी गेले की या बहिणी रात्री येऊन पाळीवर माती टाकत, अशी कथा आहे. एवढी पाळ माणसांनी पाट्या वाहून घातली हे नातवंडांना खरे वाटेना, तेव्हा बहिणी आल्या असाव्यात!

तलावाची रचना पाहण्यासारखी आहे. तीन बाजूंना मातीची पाळ, चौथी बाजू चढाची आणि मोकळी. तिकडच्या जंगलातले पाणी उतरून आत येते. पाळीत पाणी सोडण्याचे तोंड असते, त्याला तुडूम म्हणतात. जादा पाणी सांडते ती सलंग, म्हणजे सांडवा. वरच्या तलावाची सलंग वाहिली की ते पाणी खालच्या तलावात जाते. एका ओढ्यावर अशी माळच असते. म्हणून वरच्या गावाने आपला तलाव फुटू दिला, की धोका खालच्या गावाला.

येथे पाऊस सरासरी बाराशे मिलिमीटरच्या वर पडतो. एवढा पाऊस असताना तलाव कशाला, असे कोणी विचारील. पाऊस सप्टेंबरात संपतो आणि भारी धान निसवते ऑक्टोबरात. लोंबी बाहेर पडताना बांधी कोरडी गेली की दाणा पोचट राहतो. रोवणीपासूनचा सारा खर्च त्या एका पाण्यावर अवलंबून असतो. ते पाणी तलावाचे.

पूर्वी पाण्याची पाळी ठरलेली असे. उन्हाळ्यात गाळ काढून गाडीने शेतात टाकायचा, पावसाआधी पाळ दुरुस्त करायची, हे गावाचे वर्षाचे काम होते. हा काळ फार सुखाचा होता असे मात्र मी म्हणणार नाही. पहिले पाणी मालगुजाराच्या शेताला, आणि पाळीवरची माती पुष्कळदा वेठीने. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. १९५० च्या कायद्याने, म्हणजे प्रत्यक्षात १९५१ पासून, तलाव सरकारकडे आले. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आहेत. मालक बदलला, पण उन्हाळ्यातले ते काम कोणाच्या अंगावर टाकायचे हे नीट ठरले नाही. गावाला वाटले सरकार करील. सरकारजवळ मोठ्या धरणांनंतर तलावांसाठी फारसे उरले नाही.

गाळ साचला, पाणी उथळ झाले, आणि मग खरे भांडण सुरू झाले. तलाव ओसरला की काठच्या ओल्या जमिनीत गाळपेर करण्याची रीत जुनीच आहे, तिच्यात गैर काही नाही. पण एकदा पेरणाऱ्याला ती जमीन आपलीच वाटू लागते. पुढच्या वर्षी तेथे धुरा पडतो. मग पाणी आपल्या धुऱ्याला लागू नये म्हणून रात्री कोणीतरी सलंगीचा दगड काढतो. हातभर सलंग खाली गेली तरी पसरट तलावातले किती पाणी वाहून जाते, याचा हिशेब पाळीखालच्या शेतकऱ्यालाच विचारा. ढीवर बांधवांचे दुखणे निराळे. त्यांना मासळीसाठी उन्हाळ्यापर्यंत पाणी हवे, आणि शेतकरी ऑक्टोबरात तुडूम पूर्ण उघडून मोकळा होतो. दोघांचेही पोट त्याच पाण्यावर आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारने २०१० साली नियम केले आणि २०१७ साली ते बदलून नवे आणले. नव्या नियमांत पाणथळ जागेवर अतिक्रमण करणे, कचरा टाकणे, घाण पाणी सोडणे आणि पुराच्या सरासरी रेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम करणे यांना मनाई आहे. ऐकून बरे वाटते. पण पाणथळ जागेच्या व्याख्येतून भातखाचरे वगळली आहेत, आणि खास सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशयही वगळले आहेत. मामा तलाव तर सिंचनासाठीच बांधलेले! अडीचशे-तीनशे वर्षांत तेथे कमळे, देवधान, मरळ, शिंगी, हिवाळी बदके सारे वस्तीला आले. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः याच तलावांच्या आणि बांध्यांच्या आधाराने. तरीही बहुतेक तलावांना हे नियम थेट लागत नाहीत. नवेगावची गोष्ट वेगळी. तेथे भोवतालच्या जंगलात १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. गावाच्या साध्या तलावाला असे संरक्षण कोठून असणार?

नियम लागले तर गाळही काढू देणार नाहीत, ही भीती मी पुष्कळांकडून ऐकली आहे. पण वरच्या मनाईतली कोणती बाब शेतकऱ्याच्या पाण्याआड येते? मला तरी दिसत नाही.

तोवर हातात जे आहे ते कमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, पंजाबातल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात, सामाईक जमिनी व तळ्यांवरील अतिक्रमणे हटवण्याची योजना करण्यास सर्व राज्यांना सांगितले आहे. शिवाय आपल्या जमीन महसूल संहितेत कलम १६१ खाली निस्तार पत्रक आणि १६५ खाली वाजिब-उल-अर्ज आहे. तलावातले पाणी, मासळी, वहिवाट यांवर गावाचा कोणता हक्क हे जुन्या काळी त्यांत लिहिलेले असते. पुष्कळ गावांनी हे कागद कित्येक वर्षांत उघडलेलेही नाहीत. ग्रामसभेचा ठराव करून तलाठ्याकडे त्यांच्या नकला मागाव्यात, आणि भूमी अभिलेखकडे तलावाच्या मोजणीचा अर्ज द्यावा.

गाळाबद्दल दोन शब्द. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि तलावांत जेसीबी उतरले. गाळ हलक्या, मुरमाड जमिनीला उत्तम. पण आधी मूठभर हातात घेऊन पाहावा, नुसती रेती असेल तर शेतात नेऊ नये. पाळीच्या पायथ्याशी कधीच खणू नये, पाळ खचते. आणि तळाच्या चिकणमातीचा थर फोडून मुरुमापर्यंत गेलात तर तलाव पाणी धरणार नाही.

गाळ काढला म्हणजे तलाव सुधारला असेही नाही. कडेला बेशरम माजलेली असते, ती पाणी अडवते आणि तिचा उपयोग काही नाही. पाण्यातल्या मूळच्या वनस्पती गेल्या, त्यांत गवत्या माशानेही भर घातली, आणि त्यांच्याबरोबर देशी मासळी गेली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन काही तलावांत उलटे काम केले. बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या तळात नांगर घातला आणि पावसाळ्यात जुन्या पाणवनस्पती आणून लावल्या. देशी मासे पुन्हा दिसू लागले, पाखरेही आली.

मोजणीला वेळ लागतो, तोवर एक काम गावाला करता येईल. सलंग वाहू लागते त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या दिवसांत पाणी जेथवर टेकले असेल, तेथे कडेकडेने दगड रोवून घ्यावेत. ढीवर, पाळीखालचा शेतकरी आणि गाळपेर करणारा, तिघेही त्या दिवशी हजर हवेत. पाणी ओसरल्यावर ती रेष कोठे होती, यावर कोणाचे एकमत होत नाही.