दोन दारांची सिएरा

भारतीय कुटुंबाने मोटारीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार करताना दारांची संख्या ही क्षुल्लक बाब मानता येत नाही. चार दारांच्या गाडीत मालकाचे आसन बहुधा मागे असते; पुढे सारथी असतो. मालक स्वतः गाडी हाकत असला, तरी मागे आई, मावशी, सासरे अशी वडीलधारी मंडळी असतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र दार असणे हा मानाचा भाग ठरतो. पुण्याच्या टेल्को कारखान्याने १९९१ साली 'टाटा सिएरा' बाजारात आणली तेव्हा नेमका हाच संकेत मोडला. सिएराला दोनच बाजूची दारे होती. ज्याने गाडी घ्यायची त्यानेच ती हाकायची, असे जणू ती गाडी बजावून सांगत होती.

तिचा सांगाडा नवा नव्हता. १९८८ साली निघालेल्या टाटामोबिल या मालवाहू गाडीचीच ती बैठक. १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आणि शक्ती जेमतेम ६३ अश्वशक्ती. चढावर तिला घाई करता येत नसे. पण आत विजेवर उतरणाऱ्या काचा, वातानुकूलन आणि उंची बदलता येणारे सुकाणूचक्र होते. त्या काळच्या भारतीय मोटारीत या सोयी एकत्र आढळणे दुर्मीळच. मागच्या दारावर बाहेरून स्टेपनी टांगलेली. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे मागच्या आसनाच्या दोन्ही अंगांच्या काचा: अखंड, न उघडणाऱ्या, वर छपरात वळत गेलेल्या. मागे बसणाऱ्याला दार नाकारून कारखान्याने त्याला आकाश दिले होते. हा सौदा कितपत न्याय्य होता, हा प्रश्न वेगळा.

नावाचीही एक गंमत आहे. स्पॅनिशमध्ये सिएरा म्हणजे करवत, आणि करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी पर्वतांची रांग. युरोपातील काही बाजारांत मात्र हीच गाडी 'टेल्कोस्पोर्ट' या रुक्ष नावाने गेली.

बाजाराने तिला फारसे स्वीकारले नाही. १९९४ साली त्याच कारखान्याची सुमो आली. टेल्कोचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले होते. खोक्यासारखी, लग्नाचे वऱ्हाड बसेल अशी ती गाडी आपल्या समाजाला तत्काळ समजली. याच सुमारास सिएराचे काय व्हायचे ते ठरून गेले. इंग्लंडमधील रेंज रोव्हरचे उदाहरण येथे आठवावे. १९७० साली तीही दोन दारांची होती. १९८१ मध्ये तिला चार दारे मिळाली आणि ती तगली. सिएराला वाढीव दारे कोणी दिली नाहीत. मागाहून टर्बो इंजिन आले, चारही चाकांना गती देणारा प्रकारही आला, पण २००३ च्या सुमारास उत्पादन थांबले.

यानंतरची कथा कारखान्याची नाही, मालकांची आहे. आणि ती समजून घेण्यास बंगळूर हे योग्य ठिकाण होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहराची हवा काचेच्या गाडीला सोसवते. विमाने, दूरध्वनी, उपग्रह यांच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत हयात घालवलेल्या माणसांची येथे एक पिढी आहे, जिला यंत्र टाकून देणे हा पराभव वाटतो. जुन्या सुट्या भागांसाठी जे. सी. रोड आहे, शिवाजीनगरचा गुजरीबाजार आहे.

मल्लेश्वरममध्ये राहणारे एक निवृत्त अभियंता याच पिढीतले. मूळचे मिरजेचे. त्यांनी १९९६ साली सिएरा घेतली तेव्हा आई हयात होती. मिरजेहून बंगळूरला येताना नऊवारी सावरत, पुढचे आसन वाकवून, त्या फटीतून मागे शिरणे हे तिच्या दृष्टीने दिव्यच होते. "तुझ्या गाडीत चढायचं म्हणजे बोगद्यात शिरायचं," असे ती म्हणे. पण एकदा आत बसली, की बेळगावपासून धारवाडपर्यंतचा पावसाळी माळ तिला डोक्यावरच्या काचेतून दिसे, आणि मग उतरायला ती तयार नसे. ऊन फार लागते म्हणून काचांवर काळा पापुद्रा चिकटवला होता. तो २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर सोलून काढावा लागला. आई तेव्हा नव्हती. तिला हे आवडले असते, असे ते म्हणतात.

सिएराच्या इंजिनाची काळजी कोणी करत नाही. त्याचे पुष्कळसे भाग मालवाहू गाड्यांशी आणि सुमोशी जुळतात. अडते ते अंगावरच्या वस्तूंशी: दाराची चौकट, मागचा दिवा, रबराची पट्टी आणि काच. शिवाजीनगरचे मिस्त्री त्यांना वर्षानुवर्षे एकच सांगत आले आहेत: "सार, इंजन की फिकर नक्को, काँच कू संभालो." (दखनीतला हा 'नक्को' मराठीचाच, हे सांगणे नलगे.) म्हणून आज बंगळूरमध्ये धावणाऱ्या सिएरा क्वचितच सलग एका गाडीच्या असतात. दार एकीचे, दिवा दुसरीचा, आतले अस्तर तिसरीचे. प्राच्यविद्यामंदिरात बसून पाठभेद जुळवणाऱ्या संपादकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. पुण्यातच भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली, आणि टेल्कोचा पुण्याचा कारखाना सुरू झाला तोही त्याच वर्षी. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. भेद मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे: पोथीतला पाठ उतरून घेतला तरी पोथी शाबूत राहते. सिएराची काच काढून घेतली, की ती दुसरी सिएरा संपते.

हा भेद त्या अभियंत्यांना २०१९ मध्ये प्रत्यक्ष भोगावा लागला. अंगणातल्या माडावरून एक नारळ डाव्या काचेवर पडला. अशी काच कडक केलेली असते. तिला तडा जात नाही, क्षणात तिचा चुरा होतो. कित्येक महिने त्या भगदाडावर ॲक्रिलिकचा पत्रा वाकवून बसवला होता. पावसात तो फडफडे. शेवटी हुबळीजवळ एका आवारात बारा वर्षे उभी असलेली सिएरा सापडली. चाके मातीत रुतलेली, आत कोंबड्या. मालकाच्या विधवेने किंमत सांगितली नाही. "त्यांनी ती कधी विकली नाही, मी काय विकू?" एवढेच ती बाई म्हणाली, आणि काच काढू दिली. गोधडीत गुंडाळलेली ती काच रात्रीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन ते बंगळूरला आले. रात्रभर झोप लागली नाही, हे कौतुकाने सांगता येईल. परंतु त्यांच्या बोलण्यात कौतुकापेक्षा संकोचच अधिक असतो. एक जगवण्यासाठी दुसरी कायमची मारली, ही जाणीव त्यात आहे.

सरकारी नियमांचाही काच आहेच. २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली तेव्हा बंगळूरच्या मालकांनाही धास्ती वाटली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलमध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी १०,००० झाले. या गाडीची पुढची पाळी २०२६ ची. धूर, दिवे, ब्रेक यांची तपासणी रास्तच आहे. जुन्या डिझेलचा धूर निष्ठेने गाळला जात नाही.

अशा वेळी, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, नवी सिएरा आली. तिचे सूतोवाच २०२० च्या वाहन प्रदर्शनात झालेच होते. वर्तमानपत्रांनी जुन्या मालकांच्या आनंदाची वर्णने केली, आणि तो आनंद खोटा नव्हता. बावीस वर्षे ज्या नावावर लोक हसत, ते नाव फलकांवर झळकले. अभियंतेही ती पाहण्यास गेले. बाजूंना चार दारे आहेत. मागे बसणाऱ्याला आता वाकावे लागत नाही, आणि हे योग्यच म्हटले पाहिजे. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली ती मागची खिडकी. जुन्या गाडीत जेथे काच छपरात वळते, तेथे नवीत काळ्या रंगाचा भाग आहे; दुरून तो काचेसारखा दिसतो. विक्रेत्या तरुणाने विचारले, "सर, जुनी एक्सचेंजमध्ये देणार का?" त्यांनी नकार दिला आणि चहा मात्र घेतला.

मालकांची निष्ठा नावावर असती, तर त्या दिवशी ती फळाला आली असती. पण या माणसांनी इतकी वर्षे सांभाळला तो कारखान्याने एकदा केलेला आणि पुढे स्वतःच सोडून दिलेला एक धाडसी तर्क: की या देशातला माणूस स्वतः पुढे बसेल आणि मागच्याला आकाश दाखवील. तो तर्क बाजारात चुकला. काहींच्या घरात तो खरा ठरला होता, एवढेच.

मुलगा परदेशात आहे. त्याला गाडी नको. अभियंत्यांकडे एक कापडी बांधणीची वही आहे. कोणता भाग कोणत्या गाडीतून, केव्हा आला, याची तीत नोंद असते. डाव्या काचेसमोर 'हुबळी' असे शाईने लिहिले आहे. उजवी काच मूळचीच. तिच्यासमोरची जागा पुष्कळ वर्षे कोरी होती. जयनगरच्या एका सिएरावाल्याने गेल्या वर्षी, फार संकोचून, पुढेमागे ती मिळेल का असे विचारले. आता तेथे पेन्सिलीने 'जयनगर' असे लिहिले आहे.