लांबचा नेम

बोरिवलीत राहून रायफलीच्या गोळ्यांचे तक्ते वाचत बसणं हा तसा बिनकामाचाच छंद. शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली. माझ्या खिडकीसमोरच्या डोंगरात बिबटे आहेत, पण ते राष्ट्रीय उद्यानाच्या १०४ चौरस किलोमीटरचे मालक. त्यांच्याकडे दुर्बिणीतूनसुद्धा अदबीनेच बघायचं.

तरी ते आकडे मला सोडत नाहीत. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला आठशे मीटरच्या वेगाने सुटते. दोनशे मीटरवर नेम जुळवलेला असेल, तर चारशेवर ती दोनेक फूट खाली आलेली असते. वारा आडवा ओढतो तो वेगळाच. म्हणून लांबच्या पल्ल्याला लांबट, निमुळती गोळी घेतात. ती हवेला फारशी जुमानत नाही. मग दुसरा पेच. गोळीचं मऊ नाक जनावराच्या अंगात उमलावं लागतं, आणि दूर जाऊन मंदावलेली गोळी नाक टणक असेल तर न उमलता आरपार निघून जाते. नाक फार मऊ ठेवावं, तर जवळच्या बाराला ती हाडावरच फुटते आणि जनावर जखमी होऊन रानात शिरतं. त्या उमलण्याचं रसभरीत वर्णन करणारे शिकारी मला कधीच आवडले नाहीत. गणित मात्र आवडतं.

आमच्या कोकणातल्या आजोळी हे गणित कुणी कागदावर मांडलं नव्हतं. ठासणीची बंदूक, परवाना शेतीसंरक्षणाचा, शत्रू रानडुक्कर. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता नसल्यामुळे त्यांचं त्या महिन्यात बरं चालायचं. डुकराचा डोळा दिसल्याशिवाय घोडा ओढायचा नाही, एवढंच आजोबांचं शास्त्र. लांबचा बार ते आळशी माणसाचं काम समजत.

आमच्या उपनगरांत नेम अजूनही धरतात, पण डार्टचा. डिसेंबर २०१७मध्ये अंधेरीच्या शेर-ए-पंजाब वसाहतीत लहान मुलांच्या शाळेत बिबट्या शिरला, पुढच्याच महिन्यात मुलुंडच्या नानेपाड्यात. मुलुंडला माणसं जखमी झाली. दोन्हीकडे त्याला बेशुद्ध करून नेलं. त्यानंतर मी डार्टबद्दल वाचायला लागलो, आणि गोळीचं सगळं शास्त्र उलटं झालेलं दिसलं.

गोळीने दूरवर जोर टिकवायचा. डार्टने पोहोचेपर्यंत तो टाकून द्यायचा. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. मागे रंगीत शेपटी, पुढे सुई. सुईचं छिद्र टोकाला नसून बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची छोटी बाही चढवलेली असते. सुई कातडीत घुसली की बाही मागे सरकते, आणि मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा औषध आत ढकलते. अंतर पाहून बंदुकीतल्या वायूचा दाब ठरवायचा. दाब कमी पडला तर डार्ट वाटेतच गळतो, जास्त झाला तर हाड मोडतं. म्हणून मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायू शोधायचा. औषध बहुधा केटामीन आणि झायलाझीन. मात्रा वजनावर, आणि वजन डोळ्यांनी जोखायचं; तेही जनावर कपाटामागे दबून बसलेलं, अर्धंच दिसत असताना.

आणि डार्ट लागला म्हणजे काम झालं असं नव्हे. औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, तोवर बिबट्या शुद्धीत आणि बिथरलेला. आडवा झाल्यावरही केटामीनमुळे त्याचे डोळे उघडेच राहतात. ते सुकू नयेत म्हणून मलम घालून वर फडकं बांधायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा. ज्याच्यावर नेम धरला त्याच्याच डोळ्यांत मलम घालावं लागणारा हा एकच नेमबाज असेल.

चारशे मीटरचं गणित इथे कुणाच्या कामाचं नाही. चाळीच्या खोलीत अंतर असतं पाच-सात पावलांचं. लांब ठेवायचे असतात ते गच्चीवर, पत्र्यावर, रिक्षाच्या टपावर चढून मोबाइल उंचावणारे आपण. गोंगाटाने बिथरलेल्या जनावराला औषधही नीट चढत नाही. अशा वेळी वनखात्याच्या डॉक्टरांना उत्तम बंदुकीइतकीच गरज असते ती जाड दोरखंडाची आणि खणखणीत आवाजाच्या दोन हवालदारांची.