रत्नागिरी ते नागपूर : एका बदलीची हळहळ

वाचकहो, भाताचे रोप किती दिवसांचे झाले म्हणजे लावावे, हे तुमच्यापैकी भात पिकवणाऱ्यांना सांगायला नको. २१ ते २५ दिवसांचे रोप चिखलात चटकन मूळ धरते. त्याहून फार जून झाले की फुटवे कमी येतात आणि रोप जगले तरी बरेच दिवस पिवळे दिसत राहते. सरकारी नोकरीतली बदली ही माणसाची लावणीच असते. पंचविशीत झाली तर माणूस नव्या जागी लवकर रुजतो. पन्नाशी उलटल्यावर, तीही राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला झाली तर काय होते, ते मी गेली तीन वर्षे अनुभवतो आहे.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. दापोलीला बी.एस्सी. (कृषी) झालो आणि पंचविसाहून अधिक वर्षे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत शेती खात्याची नोकरी केली. बढतीचा हुकूम आला तो नागपूर जिल्ह्यातला. घरात ऐंशी ओलांडलेली आई. ती म्हणाली, "मी हे घर सोडून कुठे यायची नाही. तू जा." सौभाग्यवती तिच्यापाशी राहिली आणि मी दोन पेट्या घेऊन निघालो. त्या दिवसापासून मनात एक हळहळ आहे. ती कशाची, हे आज तुमच्यापुढे उलगडून ठेवायचे आहे, कारण तिचा थोडा संबंध तुमच्या शेताशीही आहे.

एका रस्त्यावरचा महाराष्ट्र

रत्नागिरी–नागपूर महामार्ग या नावाने ओळखला जाणारा एक रस्ता आहे. तो माझ्यासाठीच काढला असावा, असे मी गमतीने म्हणतो! नऊशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर. सवड असेल तर हा प्रवास एकदा दिवसाउजेडी करावा. शेतकऱ्याला त्यात जेवढे पाहायला मिळते तेवढे कुठल्या प्रदर्शनात मिळत नाही.

रत्नागिरीचा तांबडा जांभा आणि आमराया मागे टाकून आंबा घाट चढला की हवा बदलते. कोल्हापूर आले की दोन्ही बाजूंना ऊस. मिरजेच्या पुढे द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. सांगोल्याकडे डाळिंब, मंगळवेढ्याकडे ज्वारीची काळी राने. सोलापूर, तुळजापूर करीत लातुरात शिरलो की सोयाबीन आणि तूर. नांदेड ओलांडल्यावर अर्धापूरच्या केळीच्या बागा लागतात. मग उमरखेड, यवतमाळ, आणि इथून पुढे कापूस. वर्धा मागे पडते, बुटीबोरी येते आणि नागपूर.

मी निघालो तेव्हा दिवस पावसाळ्याच्या तोंडचे होते. एका दिवसात माझ्या डोळ्यांदेखत मातीने चार-पाच वेळा रंग बदलला. यवतमाळच्या पुढे रस्त्याकडेच्या शेतात मी उतरलो आणि ढेकूळ हातात घेतले. शेतीचा पदवीधर असूनही कापसाची शेती मी कोकणात कधी केलेली किंवा कोणाला शिकवलेली नव्हती. माझे निम्मे ज्ञान त्या घाटाच्या पलीकडे राहिले, हे मला तिथेच उमगले.

बदल्यांचे शहर

नागपूरला आल्यावर एक गोष्ट कळली. हे गावच मुळी बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवलेले आहे. गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते वसवले. पुढे रघुजी भोसल्यांनी आपली राजधानी केली आणि देशावरची किती तरी घराणी त्यांच्यामागून इकडे आली. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी इथवर पोहोचली. कापूस पिकतो तिथेच गिरणी असावी, या विचाराने जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली आणि कामगारांची वस्ती वाढली. ती गिरणी आता बंद पडली आहे.

उलट दिशेची बदलीही या शहराने सोसली आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते राजधानीपण गेले. त्या वेळी इथल्या अनेक सरकारी कर्मचाऱ्यांना बिऱ्हाड उचलून मुंबईला जावे लागले, कोणी भोपाळला गेले. नागपूरच्या अंगणात झोपणाऱ्या माणसाला मुंबईच्या दोन खोल्यांत कसे वाटले असेल, याची कल्पना मला आता येते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला त्याचा वाटा मिळावा असे ठरले होते. विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते ते त्याच करारामुळे. डिसेंबरात सारे सरकार काही दिवस नागपुरी थंडीत येऊन राहते आणि परत जाते. आमच्यासारख्यांना मात्र मे महिनाही इथेच काढावा लागतो.

मे महिन्याबद्दल थोडे सांगतोच. समुद्राकाठच्या माणसाला घाम ठाऊक असतो, पण ही झळ ठाऊक नसते. पारा ४५ अंशांच्या वर जाणे इथे नवे नाही. सकाळी सहाला निघावे, डोक्याला दुपट्टा गुंडाळावा, पन्हे प्यावे आणि अकराच्या आत सावली गाठावी, हे इथल्या लोकांनीच मला शिकवले. उन्हाची सवय दोन वर्षांत झाली, म्हणून हळहळ उन्हाची नाही.

तेच पीक, नवी भाषा

पहिल्या आठवड्यात बाजारात भाजीवाल्या मावशींनी विचारले, "सांबार देऊ का?" मला वाटले, ही बाई इडलीबरोबरचे सांबार कुठून देणार! तिने कोथिंबिरीची जुडी पुढे केली. इथे शेताला वावर म्हणतात, बांधाला धुरा, बैलगाडीला बंडी. शेतकरी स्वतःला कास्तकार म्हणवतो. कपाशीचे झाड म्हणजे पराटी.

ज्या पिकात माझा हातखंडा, त्या भाताचेही शब्द बदलले. जिल्ह्याच्या पूर्वेला, रामटेक आणि मौद्याकडे, पेंचच्या कालव्यावर भात होतो. पण त्याला म्हणायचे धान. आमचे खाचर ते यांची बांधी. आमचा तरवा ते यांचे पऱ्हे. आमची लावणी ती यांची रोवणी. पहिल्या सभेत मी जुन्या सवयीने तरवा, तरवा म्हणत होतो आणि समोरची मंडळी एकमेकांकडे पाहत होती. सल्ला बरोबर असूनही तो ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतच जातो, मनापर्यंत जात नाही, अशी ती स्थिती. म्हणून मी वही घेतली आणि रोज संध्याकाळी दहा शब्द लिहू लागलो.

शब्दांपेक्षा मोठा फरक मातीत आहे. रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यावरून तो काही तासांत ओहोळाला मिळतो. पाणी अडवा, थांबवा, असे मी आयुष्यभर सांगत आलो. नागपूरकडे पाऊस हजार-अकराशे मिलिमीटरचा, पण काळी जमीन ते पाणी धरून बसते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोकणची माती आम्लधर्मी, इथे बऱ्याच ठिकाणी चुनखड. तिथे झाड पिवळे पडले की एक कारण शोधावे, इथे दुसरे.

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागेत एका म्हाताऱ्या कास्तकाराने मला जे सांगितले ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. तो म्हणाला, "साहेब, पाणी दिसत नाही म्हणजे गेलं असं समजू नका. थे बुडाशी बसून राह्यते अन् झाड मारते." मुळाशी पाणी साचले की डिंक्या लागतो. म्हणून इथे दुहेरी आळे करून खोडाला पाणी लागू द्यायचे नाही, उताराला धरून चर काढून जादा पाणी बाहेर घालवायचे, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावायचा, आणि कलम लावताना डोळ्याचा जोड जमिनीच्या चांगला वर राहील असे पाहायचे. पाणी कधी द्यायचे यापेक्षा कधी तोडायचे, यावर बाग उभी असते. अंबिया बहरासाठी डिसेंबर-जानेवारीत ताण, मृग बहरासाठी एप्रिल-मेमध्ये. हलक्या जमिनीला थोडा ताण पुरतो, भारी काळीला जास्त दिवस लागतात. किती दिवस, ते पुस्तकात दिसते तसे नेमके नसते. झाडाच्या पानाकडे पाहून ठरवावे लागते, आणि ते पाहणे यायला वर्षे जातात.

खरी हळहळ इथे आहे. हापूसच्या मोहोरावर तुडतुडे आले आहेत की नाही, हे मी बागेत शिरताच ओळखत असे. कोणत्या वाडीची विहीर मार्चमध्ये आटते, कोणत्या कातळावर कलम धरत नाही, कोण सांगितलेले ऐकतो आणि कोणाला करून दाखवावे लागते, हे सारे पाठ होते. ते काही पेटीत भरून आणता आले नाही. तिथे ते आता कोणाच्या कामाचे नाही, आणि इथे माझ्या कामाचे नाही. चोपन्नाव्या वर्षी मी पुन्हा पाटी घेऊन बसलो आहे. याची मला लाज वाटत नाही, पण निवृत्तीला चार वर्षे उरलेली असताना वेळ कमी पडतो, हे खरे.

पोळा आणि गणपती

घरची आठवण सर्वांत जास्त येते ती पोळ्याला. श्रावणी अमावास्येला इथे पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत, सोबत बडगे, आणि रोगराई व संकटे घेऊन जा, असे साकडे. आणि तिथून चौथ्या दिवशी गणेश चतुर्थी! इथले शेजारी मुलांच्या बैलांना बोजारा देत असतात, तेव्हा मी गाडीचे तिकीट खिशात चाचपत असतो. गणपतीला घरी गेलो नाही असा कोकणी माणूस विरळा.

गेल्या वर्षी विसर्जनानंतर निघताना आईने विचारले, "तिकडची माणसे चांगली आहेत ना?" मी म्हटले, फार चांगली. इथला माणूस पहिल्या भेटीत जेवायला बसवतो, तिखट वाढतो आणि डोळ्यांत पाणी आले की हसतो. "मग झाले तर," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

तुमच्यासाठी एक विनंती

आता तुमच्या कामाचे सांगतो. सरकारी बदल्यांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याप्रमाणे एका पदावरची मुदत साधारण तीन वर्षांची आणि बदल्या बहुधा एप्रिल-मे महिन्यांत होतात. हिशेब करून पाहा. पहिले वर्ष माती आणि माणसे ओळखण्यात जाते. दुसऱ्या वर्षी सल्ला जरा बरोबर बसू लागतो. तिसऱ्या वर्षी कुठे हात बसला, की पेटी बांधायची वेळ येते. मग नवा माणूस येतो आणि पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात जागा रिकामी राहिली तर शेजारच्याच कर्मचाऱ्याकडे तुमचेही गाव सोपवले जाते. यात नोकरदाराचे हाल होतातच, पण नुकसान शेतकऱ्याचेही होते.

त्यावर उपाय सरकारच्या हाती आहे तसा थोडा तुमच्याही हाती आहे. गावाची एक वही ठेवा. ग्रामपंचायतीत ठेवा, शाळेत ठेवा किंवा बचत गटाच्या ताईंकडे द्या. तिच्यात चार-पाच गोष्टी दर वर्षी लिहाव्या. कोणत्या शिवारात पाणी साचते. मे महिन्यात कोणत्या विहिरीला किती हात पाणी होते. कोणत्या वावरात चुनखड आहे. पाऊस कधी आला, किती पडला. बोंडअळी कोणत्या आठवड्यात दिसली, फरदड कोणी ठेवली आणि पुढच्या वर्षी त्याचे काय झाले. शिकलेल्या मुलामुलींना हे काम सहज जमेल. नवा अधिकारी आला की त्याला चहाबरोबर ती वही द्या. त्याचे एक वर्ष वाचेल, म्हणजे तुमचे वाचेल.

आणि तो जर माझ्यासारखा दुरून आलेला असेल, तर तुमचे शब्द त्याला सांगा आणि त्याच्या शब्दांना हसून झाले की समजूनही घ्या.

माझी तीन वर्षे या उन्हाळ्यात पुरी होतात. आईसाठी मी कोकणात बदलीचा विनंती अर्ज करणार आहे. तो मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. झाला तर माझी वही, तिच्यातल्या सांबार-धुऱ्यापासून संत्र्याच्या ताणापर्यंतच्या नोंदींसह, मी इथेच ठेवून जाणार आहे. पुढचा माणूस कोल्हापूरचा येवो की नाशिकचा, त्याने दुसऱ्या पानापासून सुरुवात करावी.