पडवी म्हणजे बाहेर नव्हे

मालवण

ती. ताईस,

सासऱ्यांना आणि भाड्याच्या खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना विड्या-सिगारेटी घरात ओढू द्याव्यात, फक्त खिडकी उघडून पंखा लावावा, एवढ्यावर भागेल का, असं तू विचारलंस. नाही भागत. पेटत्या टोकाचा धूर कुठल्याच फिल्टरमधून येत नाही आणि पंखा तो खोलीभर पसरवतो. वास गेला म्हणजे धूर गेला असं नसतं. जपानमध्ये ताकेशी हिरायामांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० बायकांची १४ वर्षं पाहणी केली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितके बायकोच्या फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त, हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवलं. सिगारेट कंपन्यांनी आक्षेप घेतले, पण पुढच्या अभ्यासांतूनही तेच निघालं. लहान मुलांना त्यातून दमा आणि कानाची दुखणी होतात. हवा खेळती ठेवून हा धोका टळत नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट आहे.

‘घर कौलारू, समोर दर्या, वारा भरपूर,’ असं घरचे म्हणतील. पण पावसाळ्यात दारं-खिडक्या लावलेल्या असतात आणि झड दर्यावरून येते. पडवीत ओढलेल्या विडीचा धूर त्याच वाऱ्याबरोबर दाराच्या फटीतून माजघरात, बाळाच्या पाळण्यापाशी पोचतो. ओढायचं तर खळं ओलांडून माडाखाली, पावसात मांगराच्या वळचणीला. वडीलधाऱ्यांना हे कसं सांगायचं, ही तुझी अडचण खरी आहे. ते भावोजींनी सांगावं. विडी सोडवणं हा वेगळा आणि लांबचा विषय. त्यासाठी थांबू नका. आत्ता फक्त जागा बदलायची आहे. घरातल्या माणसांना कायदा अडवत नाही, आणि २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना दुसऱ्याचा धूर घरातच सोसावा लागत होता. म्हणजे हा नियम घरानेच करायचा.

पाहुण्यांचं त्याहून सोपं. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनुसार धूम्रपानाची वेगळी खोली ठेवायची मुभा तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना आणि तीस किंवा जास्त आसनांच्या खानावळींना आणि विमानतळांनाच आहे. तुमच्या तर चारच खोल्या. मालकाने ॲश ट्रे, काडेपेटी पुरवायची नाही, हेही त्यात आहे. गिऱ्हाईक तुटेल म्हणतेस, पण मुलाबाळांसह येणारं कुटुंब धुराच्या वासाच्या खोलीत पुन्हा उतरत नाही. तेव्हा खोल्यांतले ॲश ट्रे आजच उचल आणि बुकिंग घेतानाच पाहुण्यांना नियम सांगत जा.

तुझा,
भाऊ