कोणत्या बायकांना विचारलंत?

"पुण्यातल्या घरकामगार म्हणजे नेमक्या कोणत्या? कोणत्या बायकांना विचारलंत?"

फोनवर एका दैनिकाचे उपसंपादक होते. संध्याकाळचे सात वाजून गेलेले, म्हणजे पानं लागायची वेळ. माझ्यासमोर आमच्या संस्थेची प्रेस नोट होती, मथळा ठळक अक्षरांत: 'पुण्यातील घरकामगार महिला साप्ताहिक सुट्टीपासून वंचित'.

"आमच्या तीन वस्त्यांतल्या," मी म्हटलं.

"त्या तीनच का?"

"तिथे आमचं काम आहे."

ते जरा थांबले. "मग ताई, ही पुण्याची पाहणी नाही. तुमच्या सभासदांची आहे."

बातमी लागली नाही. त्या रात्री मला त्यांचा फार राग आला होता. वस्तीतल्या बायकांनी कामावरून दमून आल्यावर आम्हाला वेळ दिला होता, त्याचं काहीच मोल नाही का, असं वाटत राहिलं. राग ओसरायला दोन दिवस लागले, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. एम.ए.ला असताना १९३६ सालच्या अमेरिकी निवडणुकीवर मी पानंच्या पानं लिहिली होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यावरून रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. साप्ताहिकानं नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्यांना फारसं कुणी विचारलंच नव्हतं. मी माझी यादी सभासदांच्या वहीतून घेतली होती. चूक तीच.

आणि हे पुण्यात करावं! १९३०च्या दशकात धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेनं पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती याच शहरात.

पुढच्या वर्षी आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. कोथरूडजवळच्या कर्वेनगर परिसरातल्या चार वस्त्या घेतल्या आणि सभासदांची वही कपाटात ठेवली. गल्लीच्या तोंडापासून निघायचं, एक घर धरायचं, चार सोडायची. घरात कुणी धुणीभांडी किंवा स्वयंपाकाची कामं करतं का, एवढंच आधी विचारायचं. जायची वेळ दुपारी दोन ते चार, कारण सकाळची कामं उरकून बाई तेवढ्याच वेळात घरी असते. दार उघडलं नाही किंवा "नको बाई" म्हणाल्या, तर तेही लिहून ठेवायचं. जूनचा पहिला आठवडा होता, पत्र्याच्या घरांत बसवत नव्हतं. अशा शंभरच्या आसपास बायका झाल्या.

पण खरा बदल प्रश्नात होता. पहिल्या वर्षी आम्ही विचारलं होतं, "आठवड्याला एक सुट्टी मिळायला हवी असं वाटतं का?" याला नाही कोण म्हणणार? ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यातून बातमी कशी निघणार? बातमीदाराला ते पहिल्या ओळीतच कळतं. या वेळी मत विचारलंच नाही, घडलेलं विचारलं. मे महिन्यात किती दिवस कामावर गेला नाहीत? का? त्या दिवसांचे पैसे कापले का?

आजारपण, लग्नकार्य अशी कारणं येतील या हिशेबानं मी तक्ता आखून ठेवला होता. पहिल्याच दुपारी एक मावशी म्हणाल्या, "मी कुठं घेतली सुट्टी? मॅडमच गेल्या गावाला. धा दिवस कुलूप होतं." पैसे? "कापले की. काम केलं नाही ना." तक्त्यात या उत्तराला रकानाच नव्हता. दुसऱ्या गल्लीत तेच ऐकलं, तिसऱ्या वस्तीतही तेच. शेवटी मोजणी झाली तेव्हा हेच कारण यादीत सगळ्यात वर होतं. सुट्टी मालकिणीची आणि पगार कापला बाईचा. इतकी वर्षं या वस्त्यांत काम करून मला हे माहीत नव्हतं. ज्या क्षणी मी स्वतः चकित झाले, त्या क्षणी बातमी हाती लागली.

आमच्याकडे काम शिकायला आलेल्या मुलानं टक्केवारी काढून दिली, दशांशासकट. मी दशांश खोडला. शंभर जणींना विचारलं आणि साठ जणी हो म्हणाल्या, तर चिठ्ठ्या टाकून निवड केली असली तरी खरा आकडा पन्नास ते सत्तरच्या मध्ये कुठेही असू शकतो. हजार जणी असत्या तर हा फरक तीन टक्क्यांवर आला असता. इतक्या लहान पाहणीत दशांश छापणं म्हणजे वाचकाची फसवणूक आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

टक्के मागे गेले आणि दिवस पुढे आले. हे शहाणपण केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीवरून सुचलं. स्वतःच्या घरातलं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७, हा आकडा लोकांच्या तोंडी बसला होता. मिनिटं कुणालाही कळतात. स्वतःच्या घरातल्या घड्याळाकडे बघता येतं. मी लिहिलं ते कापलेल्या दिवसांबद्दल.

मथळ्यातून पुणे काढलं, चार वस्त्या घातल्या. दावा लहान झाला आणि बातमी मोठी, हे मला बातमीदारांनीच दाखवून दिलं. 'आमच्या कोथरूडच्या पानाला हवीच आहे,' असा निरोप आला. उपसंपादक जागा नसली की बातमी खालून कापतो, म्हणून किती जणींना, कुठे, कधी, कसं निवडून विचारलं हे दुसऱ्याच परिच्छेदात घेतलं. संस्थेची माहिती, जी मी पूर्वी मोठ्या अभिमानानं सुरुवातीला लिहायची, ती तळाशी गेली. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा, एवढं एका वाक्यात. सोबत कोरी प्रश्नावली जोडली. फाइल युनिकोडमध्ये, उचलून घेता येईल अशी; पीडीएफ पाठवली की डेस्कवर कुणाला तरी ती सगळी पुन्हा टाइप करावी लागते.

आणि तारीख. १६ जून हा घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय दिवस, २०११ साली त्या दिवशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं त्यांच्यासाठी करार संमत केला. पण पुण्यात त्या सुमारास पाऊस आणि शाळेचा पहिला दिवस पानावर असतात, काही वर्षी पालखीही. आम्ही नोट आधीच्या शनिवारी दिली. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, सोमवारच्या अंकाला बातम्या कमी पडतात.

बातमी करणाऱ्या बातमीदार ताईंना एक बाई बोलायला हवी होती, फोटोसकट. मी त्या पहिल्या दुपारच्या मावशींकडे गेले. "बोलते," म्हणाल्या, "पण नाव नको, तोंड नको. मॅडमकडं हाच पेपर येतो. काम जाईल." मी तसंच कळवलं. बातमीदार ताईंनी हट्ट धरला नाही. फोटो आला तो दोन ओल्या हातांचा.

सोमवारी बातमी लागली, तीन कॉलम. दुपारी कात्रण घेऊन वस्तीत गेले आणि मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"माझं नाव न्हाई ना कुठं?"

"नाही."

"मग एक कागद द्या मला. उद्या मॅडमच्या ओट्यावर ठेवते, डब्याखाली."