उरलेला उजेड

संक्रांत झाली की दिवस तीळतीळ वाढतो, असं आजी म्हणायची. टेकडीवर पळणाऱ्यांचा हिशेब जरा वेगळा. पुण्यात सूर्य सगळ्यांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना. तिथून संध्याकाळ लांबायला लागते. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच उजाडत जाते. संक्रांतीला पहाटवाले अजून बॅटरी घेऊन पळत असतात, तेव्हा आम्हा संध्याकाळवाल्यांच्या खात्यावर वीस मिनिटं जमा झालेली असतात.

*

मंगळवार, सहा वाजता, वेताळ टेकडीचा पायथा. बँकवाला, शाळेतल्या बाई, मी आणि काका. देवळापर्यंत चढ, खाणीला वळसा, मग उतार. काका एकसष्टचे. डिसेंबरभर ते अर्ध्यातूनच मागे फिरायचे. “तुम्ही व्हा पुढे. मला अंधारात दगड दिसत नाहीत.”

*

फेब्रुवारीतला मुरूम. पावसाळ्यात घट्ट बसलेले खडे आता सुटे झालेत. बुटाखालून सांडलेल्या बोरांसारखे पळतात. ट्रेकवाले याला घसारा म्हणतात. उतारावर माणूस भीतीने मागे रेलतो आणि नेमका तिथेच बसतो. पावलं छोटी, गुडघे सैल, नजर तीन-चार पावलं पुढे. हे सगळं मी गेल्या आठवड्यात एका नवख्याला समजावून सांगितलं होतं. आज मीच बसलो. तळहातात दोन खडे रुतले.

*

मोज्यातली कुसळं काढताना एक नीट पाहिलं. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे सुतळीसारखी पिळलेली काळपट शेपटी. बशीत ठेवून पाण्याचा थेंब टाकला, तर शेपटी हळूहळू गोल फिरायला लागली. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो; प्रत्येक फेरीत टोक आत सरकतं, आणि केसांमुळे परत बाहेर येत नाही. बी मातीत पेरायची ही गवताची युक्ती. घामाने भिजलेला मोजा त्याला चांगली जमीन वाटते, त्यात त्याची काय चूक? बँकवाला म्हणाला, “लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं दिसतं, आपल्याला स्वतःच्या मोज्यातलं दिसत नाही.”

*

उंदीरमारी फुलली. पानं झडलेल्या फांद्या फिकट गुलाबी झुबक्यांनी भरल्यात. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. मुरमाड जमिनीत झटपट वाढतं म्हणून टेकड्यांवर लावलं गेलं. शाळेतल्या बाईंचा त्यावर राग आहे: “याच्या गर्दीत आपली झाडं आणि आपलं गवत मागे पडतं.” राग पटतो. तरी त्या वळणावर सगळे हळू होतात. बाईही.

*

वेताळाच्या टेकडीवर पळताना विक्रम आठवणारच. खांद्यावर वेताळ, आणि राजाने तोंड उघडलं की तो पुन्हा झाडावर. आमचा नियम उलटा. चढावर पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला असं समजायचं. ओझं घेऊन गप्प चालणारा विक्रम, म्हणजे, फार जोरात जात असणार.

*

भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, मिर्झापूरच्या बाजूला. पुणं त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर आपला सूर्य घड्याळाच्या मागे जवळजवळ ३५ मिनिटं. कामावरून सुटल्यावर जो उजेड हाती लागतो, त्यातला बराचसा या गणिताचा. मावळल्यावर मात्र तो रेंगाळत नाही. वीस-बावीस मिनिटं, मग दगड कोणता आणि खळगा कोणता, हे पायालाच विचारावं लागतं.

*

उतरताना वाटेवर दोन लाल ठिणग्या. हेडलॅम्पच्या उजेडात चमकलेले रातव्याचे डोळे. अगदी जवळ जाईपर्यंत हलला नाही, मग आवाज न करता उडाला. मागाहून गवतातून त्याची हाक आली: फरशीवर गोटी टाकावी आणि ती उसळत उसळत थांबावी, तशी. तो बसला होता तिथे हात लावून पाहिला. दगड अजून कोमट होता.

*

मार्चचा तिसरा मंगळवार. काका पहिल्यांदा देवळापर्यंत आले. सहा चाळीस. आम्ही दहा मिनिटं आधी पोचून घाम वाळवत बसलो होतो. ते वळणावर दिसले तसे सवयीने उठलो, कोणी नाड्या आवळल्या, कोणी बाटली बंद केली.

“अरे, तुमचं बसून झालं,” काका म्हणाले. “माझं व्हायचंय.”

पुढचे थांबतात, ताजे होतात, आणि मागचा पोचला की निघतात. ज्याला विसावा सगळ्यांत जास्त हवा त्यालाच तो मिळत नाही, आणि तरी आपण थांबलो याचा आपल्याला केवढा अभिमान! हिवाळ्यात अंधाराची सबब असायची. आज सूर्य मावळायलाच अजून पाच मिनिटं होती, आणि त्यापुढची वीस.

बसलो. काकांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली, कागदासकट दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडली आणि सगळ्यांत मोठा तुकडा स्वतः घेतला.