स्वप्नातील नजरकैद

ज्या प्रहरी मनुष्याचे मन पुराच्या पाण्यात उडी घेत असते, अथवा कित्येक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आईच्या हातचे ताक पीत माजघरात बसलेले असते, नेमक्या त्याच प्रहरी त्याचे शरीर सक्त नजरकैदेत असते, आणि ही कैद निसर्गाने त्याच्याच रक्षणार्थ फर्मावलेली असते, ही गोष्ट मला स्वप्नांच्या सर्व शुभाशुभ फलांहून अधिक विस्मयकारक वाटत आली आहे. स्वप्नातील रथ, अश्व आणि मार्ग ही पाहणाऱ्याचीच निर्मिती होय, असा बोध बृहदारण्यकात याज्ञवल्क्याने जनकास केला. परंतु रथ जर इतका भरधाव सुटतो, तर सारथ्याचे हात अंथरुणावर निश्चल का राहतात, या प्रश्नाचा निवाडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

शिकागो विद्यापीठात युजीन ॲसरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ विद्युत्-तारा चिकटवल्या, तेव्हा मूल गाढ झोपेत असताही यंत्राच्या लेखण्या एकाएकी थरथरू लागल्या, कारण मिटल्या पापण्यांआड त्याची बुबुळे वेगाने धावत होती. गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह त्याने हा शोध 1953 साली प्रसिद्ध केला. या अवस्थेत जागे केलेली माणसे बहुधा स्वप्नच सांगतात; सुमारे 90 मिनिटांच्या अंतराने ती परतते आणि रात्र सरत जाते तसतशी लांबत जाते. पहाटेच्या स्वप्नांना आपल्याकडे जो मान आहे, त्याचे मूळ मला येथेच दिसते.

पुढे फ्रान्समध्ये लिऑन येथे मिशेल झूव्हे यांनी दाखवून दिले की, मेंदूच्या बुडख्यातील एक लहानसा भाग स्वप्नाच्या या अवस्थेत स्नायूंना शिथिल राहण्याचा हुकूम सोडतो, आणि त्यातून मुभा मिळते ती मुख्यतः डोळ्यांना व श्वासपटलाला. मांजरांतील तो भाग निकामी केला असता ती झोपेतच उठून नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली.

माणसांतही हा पहारा कधी कधी ढिला पडतो. आमच्या आळीतील एका वृद्ध मास्तरांच्या हाताच्या फटक्याने एका रात्री उशाशी ठेवलेला तांब्या गडगडत दारापर्यंत गेला. शेतात शिरलेले रानडुक्कर हाकलीत होतो, असे त्यांनी सकाळी शांतपणे सांगितले. घरच्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला. ती माया खरी होती. परंतु अशा रुग्णांचे वर्णन अमेरिकेतील मिनेसोटा येथील डॉक्टरांनी 1986 साली करून ठेवले आहे, आणि त्यांपैकी अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात जडतो, हेही आता निश्चित झाले आहे. तेव्हा घरातील वडीलधारे माणूस स्वप्नातील झुंज अंथरुणावर खेळू लागले, तर दृष्ट खुशाल काढावी, पण त्याला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडेही न्यावे, आणि तोवर त्याच्या उशाजवळची काच व जड भांडी उचलून ठेवावीत, ही माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.